क्लास-ऑब्जेक्ट पाठ झालं, पण दोन्ही घड्याळं एकदमच पळतायत (जावा, अगदी नवशिकी)

कोरी_पाटी

मंडळी, दीड महिना झाला जावा शिकतेय, त्याआधी कोड म्हणजे काय हेही माहीत नव्हतं. व्हेरिएबल, इफ-एल्स, लूप इथपर्यंत गाडी बरी चालली, ऑब्जेक्ट ओरिएंटेड सुरू झालं आणि तिथे जी रुतली ती रुतलीच. व्याख्या विचाराल तर झोपेतून उठवून विचारा, क्लास म्हणजे नकाशा, ऑब्जेक्ट म्हणजे घर, कुत्रा भुंकतो मांजर म्यांव करते म्हणून पॉलिमॉर्फिझम (हाक एकच, प्रत्येकाचं उत्तर वेगळं), ऑब्जेक्ट ओरिएंटेडची चार मुख्य तत्त्वं म्हणजे ते चार खांब तोंडपाठ. पण स्वतःचं काही लिहायला बसले की ना नकाशा कामाला येतो ना कुत्रा.

म्हणून ठरवलं की एक छोटं काहीतरी करायचंच, आणि बुद्धिबळाचं घड्याळ घेतलं. दोन खेळाडू, दोघांना ३०० सेकंद, ज्याची पाळी त्याचाच वेळ कमी होणार, बास. इथे इंग्रजी कोड टाकला की सगळा विस्कटतो म्हणून मराठीतच लिहिते, समजून घ्या:

क्लास घड्याळ
– स्टॅटिक पूर्णांक उरलेले
– कन्स्ट्रक्टर(सेकंद), म्हणजे ऑब्जेक्ट बनताना चालतो तो भाग: उरलेले = सेकंद
– स्टॅटिक टिक(): उरलेले मधून १ वजा

मेन
– पांढरं = न्यू घड्याळ(३००)
– काळं = न्यू घड्याळ(३००)
– पांढरं.टिक() दहा वेळा
– दोघांचे उरलेले छाप

यायला हवं २९० आणि ३००. येतंय २९० आणि २९०. काळ्याला मी हातही लावलेला नाही! एरर कुठेच नाही, नुसती एक पिवळी रेघ आहे. दोन दिवस डोकं फोडतेय.

सेमीकोलन

जावा सोड, पायथन धर. सुरुवातीला कशाला एवढा पसारा, पब्लिक स्टॅटिक व्हॉइड मेन म्हणजे मंत्रच म्हणायचा अर्थ न कळता.

गोगलगाय

सेमीकोलनराव, नाव सेमीकोलन आणि सल्ला पायथनचा 😄 तिचा प्रश्न भाषेचा नाहीच आहे, पायथनमध्ये गेली तरी हा खड्डा वेगळ्या कपड्यात भेटणारच.

पाटी, मला आधी एक सांग, ते स्टॅटिक तिथे आलं कुठून? घड्याळाचा विचार करताना तर ते तुझ्या डोक्यात आलं नसणार.

कोरी_पाटी

खरं सांगू का, आधी नव्हतंच. मेन पण मी घड्याळ क्लासमध्येच लिहिलेलं, आणि त्यात नुसतं टिक() असं लिहून बघितलं तर लाल एरर आली, नॉन-स्टॅटिक मेथड कॅनॉट बी रेफरन्स्ड फ्रॉम अ स्टॅटिक कॉन्टेक्स्ट. वाचून काही कळेना. एडिटरने बल्ब दाखवला, त्यावर क्लिक केलं तर म्हणाला स्टॅटिक करू का, म्हटलं कर बाबा. मग उरलेले वर लाल रेघ आली, तिथे पण केलं. मग सगळं चालायला लागलं म्हणून पुढे गेले, ऑब्जेक्ट नंतर बनवले.

गोगलगाय

हां! वाटलंच. हे जवळजवळ सगळ्यांच्या बाबतीत होतं, मीही केलंय, बल्बवर विश्वास ठेवून.

आता असं बघ, ती एरर म्हणजे कंपायलर तुला एक साधा प्रश्न विचारत होता. तू म्हणालीस टिक कर. तो म्हणाला, कुठल्या घड्याळाचं? कारण मेन चालू होतं तेव्हा एकही घड्याळ जन्माला आलेलं नसतं, जावाला तर कुठूनतरी सुरुवात करायचीय, म्हणून मेन स्टॅटिक, म्हणजे कुठल्याच ऑब्जेक्टचं नाही, नुसतं क्लासचं. त्याच्या आत उभं राहून तू नुसतं टिक() म्हणालीस तर कुणाचं टिक हे त्याला कळणार कसं? याचं खरं उत्तर होतं "पांढऱ्याचं", म्हणजे आधी न्यू करून मग पांढरं.टिक(). पण तू स्टॅटिक लावून उत्तर दिलंस, "अरे सगळ्यांचं मिळून एकच आहे, कर तेच". तो म्हणाला ठीक. आणि आता तो अगदी तेच करतोय, सगळ्या घड्याळांना मिळून उरलेले नावाचा एकच डबा आहे, पांढऱ्याने टिक केलं की त्याच डब्यातून जातं आणि काळं वाचतं तेव्हा तोच डबा वाचतं.

पिवळी रेघ हेच सांगत होती, की टिक पांढऱ्याच्या नावाने बोलावतेयस पण ते पांढऱ्याचं नाहीये. पिवळ्या रेघा वाचत जा गं, लाल रेघ निदान अडवते तरी, पिवळी नुसती पुटपुटते.

आत्ता काही बदलू नकोस. पांढऱ्याला ३०० दे, काळ्याला १८० दे, टिक एकदाही करू नकोस आणि दोन्ही छाप. छापण्याआधी कागदावर लिही काय येईल ते.

कोरी_पाटी

कागदावर लिहिलं ३०० आणि १८०. आलं १८० आणि १८०!! म्हणजे काळं बनवताना कन्स्ट्रक्टरने त्याच डब्यात १८० टाकले आणि पांढऱ्याचे ३०० गेले. आई गं. हे वाचून नव्हतं कळलं, बघून कळलं.

जुनं_खोड

छान चाललंय. एक जुनी गोष्ट सांगून जातो, म्हातारपणाची सवय समजा. या सगळ्याची सुरुवातच मुळी अशाच कामातून झाली. नॉर्वेत १९६० च्या दशकात ओले-योहान डाल आणि क्रिस्टेन न्यूगोर हे दोघं सिम्युलेशनवर काम करत होते, म्हणजे खऱ्या जगात चाललेल्या गोष्टींची नक्कल कॉम्प्युटरवर करून बघायची. त्यात एकाच जातीच्या पुष्कळ गोष्टी असतात, नियम सगळ्यांना तेच, पण प्रत्येकीची आत्ताची अवस्था वेगळी. त्यासाठी त्यांनी सिम्युला भाषा बनवली, आणि सिम्युला ६७ मध्ये क्लास, ऑब्जेक्ट, इन्हेरिटन्स (एका क्लासवरून दुसरा क्लास बनवणं) हे सगळं आलं. २००१ चं ट्युरिंग पारितोषिक, कॉम्प्युटर क्षेत्रातला मोठा सन्मान, दोघांना यासाठीच मिळालं. तुझी दोन घड्याळं म्हणजे तेच, टिक करायचा नियम एक, उरलेले सेकंद मात्र ज्याचे त्याचे. नकाशा आणि घर या उपमेत नेमकं हेच हरवतं असं माझं मत, कारण घर बांधून झालं की ते नुसतं उभं राहतं, ऑब्जेक्टची गंमत तर तो जगायला लागल्यावर सुरू होते.

"ऑब्जेक्ट ओरिएंटेड" हा शब्द ॲलन के यांचा, ते स्मॉलटॉक भाषेवाले. त्यांच्या डोळ्यासमोर तर शरीरातल्या पेशी होत्या, प्रत्येकीचं आत स्वतःचं चाललेलं आणि एकमेकींना फक्त निरोप पाठवायचे. कुत्रा-मांजर नंतर कुणी आणलं देव जाणे.

सेमीकोलन

काका, निरोपाचं ठीक आहे पण पायथनमध्ये हे झालंच नसतं, तिथे सेल्फ लिहावंच लागतं त्यामुळे कुणाचं ते उघड दिसतं.

गोगलगाय

सेल्फचं बरोबर आहे, आणि त्यातून एक गोष्ट फार छान कळते. पांढरं.टिक() लिहितो तेव्हा पडद्यामागे टिक(पांढरं) असंच काहीसं होत असतं, पायथन तो पांढरं सेल्फ म्हणून उघड दाखवतो, जावा तोच धिस नावाने लपवून देतो. स्टॅटिक मेथडला धिस मिळतच नाही, एवढाच काय तो फरक.

पण झालंच नसतं म्हणू नका. पायथनमध्ये क्लासच्या अंगात, कुठल्याही मेथडच्या बाहेर, चाली = रिकामी लिस्ट असं लिहा आणि मेथडमध्ये सेल्फ.चाली.अपेंड करा. पांढऱ्याच्या चाली काळ्याच्या यादीत दिसतील, कारण लिस्ट एकच आहे. वर आणखी फसवं म्हणजे तिथेच उरलेले = ३०० लिहिलं आणि सेल्फ.उरलेले मधून १ वजा केला तर बरोबर चालतं! कारण वजा करून परत ठेवताना त्या ऑब्जेक्टचा स्वतःचा उरलेले तयार होतो. म्हणजे आकड्याला चालतं, लिस्टला नाही. यातून नवशिक्याने काय समजायचं? जावा निदान सरसकट चुकतो 😀

सेमीकोलन

हे मला आत्ता कळलं. तीन वर्षं पायथन लिहितोय. मी गप्प बसतो.

कोरी_पाटी

स्टॅटिक काढलं, मेन वेगळ्या क्लासमध्ये नेलं. चाललं, २९० आणि ३००! नाचले अक्षरशः.

पण मग जरा हुशारी केली आणि परत तेच. दोन्ही घड्याळं सारखीच असतात म्हणून दोनदा लिहायचा कंटाळा केला आणि काळं = पांढरं असं लिहिलं, म्हटलं कॉपी होईल. पुन्हा दोन्ही एकदम पळतायत. आता तर स्टॅटिक कुठेच नाहीये, तीनदा शोधलं.

मुंगी

दुखणं तेच, रोग वेगळा. मघाशी घड्याळं दोन होती आणि डबा एक होता, आता घड्याळच एक आहे आणि त्याला हाका मारायची नावं दोन. काळं = पांढरं याने नवीन घड्याळ बनत नाही, नुसतं पांढरं ज्याच्याकडे बोट दाखवतंय त्याच्याकडेच काळंही बोट दाखवायला लागतं.

इंट वगैरे साध्या आकड्यांचं असं नसतं, तिथे क = ख केलं की किंमत खरंच उतरते आणि पुढे दोघं आपापल्या वाटेने जातात. तुम्ही आकड्यांवर शिकलात म्हणून तीच सवय इकडे आली. मी एक सोपा हिशेब करते, कोडमध्ये न्यू घड्याळ किती वेळा चाललं ते मोजायचं, जितके न्यू तितकी घड्याळं, नावं कितीही असोत. लूपमध्ये न्यू असेल तर जितके फेरे तितकी.

कोरी_पाटी

मोजलं, एकच न्यू. दुसरं लिहिलं, चाललं. पण मुंगीताई, तुमचा हिशेब लगेच फसला बघा. म्हटलं चार जणांचा खेळ करू, म्हणून ॲरे केला, न्यू घड्याळ आणि चौकटी कंसात ४. एक न्यू आणि चार घड्याळं असं असेल ना? पहिल्याच टिकला नल पॉइंटर एक्सेप्शन.

मुंगी

हा हा, पकडलंत मला. तो न्यू घड्याळाचा नाही, कप्प्यांचा. चार कप्प्यांचं रिकामं कपाट मिळालं, कप्प्यात घड्याळ ठेवलेलंच नाही, प्रत्येकात नल, म्हणजे काहीच नाही. आता लूप लावून प्रत्येक कप्प्यात न्यू घड्याळ(३००), या वेळी गोल कंस. म्हणजे न्यू एकूण पाच वेळा चाललं, एक कपाट आणि चार घड्याळं.

तुमची जावा १५ किंवा पुढची असेल तर एररचं वाक्य पूर्ण वाचा, कुठलं व्हेरिएबल किंवा कितवा कप्पा नल होता ते नेमकं लिहिलेलं असतं. आम्हाला नुसता ओळ क्रमांक मिळायचा आणि त्या एका ओळीत पाच टिंबं असायची, कुठल्या टिंबाच्या डावीकडे नल ते आपणच हुडकायचं.

जुनं_खोड

नलची गोष्टही सांगू का? सांगतोच. ही कल्पना टोनी होअर यांनी १९६५ मध्ये अल्गोल डब्ल्यू भाषेसाठी आणली, आणि २००९ मध्ये त्यांनीच जाहीरपणे तिला आपली अब्ज डॉलरची चूक म्हटलं. तेव्हा नल पॉइंटर आला की स्वतःला दोष कमी द्यावा 😄

बावळट_बल्ब

माझा एक मठ्ठ प्रश्न. मीही शिकतोय. सगळे म्हणतात व्हेरिएबल प्रायव्हेट ठेवा आणि गेटर-सेटर (ते वाचायची आणि बदलायची मेथड) लिहा. कोड माझा, कॉम्प्युटर माझा, चोर कोण येणारे? आणि सेटर लिहून परत दार उघडंच ठेवायचं असेल तर कुलूप कशाला?

गोगलगाय

मठ्ठ अजिबात नाही, दुसरा अर्धा तर अगदी वर्मावर बोट आहे. प्रत्येक व्हेरिएबलला डोळे झाकून सेटर लिहिणं म्हणजे खरंच कुलूप लावून किल्ली दाराला लटकवणं.

चोरासाठी नाही रे, शोधासाठी. समज उरलेले एक दिवस उणे ७ दिसले. प्रायव्हेट असेल तर तो आकडा बदलणारी माणसं फक्त त्या क्लासच्या आत, टिक आणि कन्स्ट्रक्टर, दोन मेथड वाचल्या की गुन्हेगार सापडला. पब्लिक असेल तर सगळा प्रोग्राम संशयित. माझ्या पहिल्या नोकरीत एक आकडा असाच मधूनच शून्य व्हायचा, पब्लिक होता, कोड शंभरेक फाइल्सचा, आणि चौथ्या दिवशी सापडलं की रिपोर्ट छापणारा कोड, ज्याने नुसतं वाचायला हवं होतं, तो छापून झाल्यावर "साफ" करून ठेवत होता. लिहिणाऱ्याला वाटलं नीटनेटकेपणा केला.

घड्याळाला सेटर नकोच. खऱ्या घड्याळावर खेळाडू काय करतो, आपलं बटण दाबतो. सेकंद किती ठेवायचे ते घड्याळ बघतं. तर मेथड तशाच ठेव, टिक, चालझाली, संपलंका. शून्याखाली जायचं नाही हा नियम टिकच्या आत, एकदाच.

कोरी_पाटी

चालझाली वरून आठवलं, आता इन्हेरिटन्स वापरून बघितलं. फिशर घड्याळ असतं ना, प्रत्येक चालीनंतर ठरावीक सेकंद वाढवून मिळतात, त्यासाठी फिशरघड्याळ एक्स्टेंड्स घड्याळ केलं आणि चालझाली ओव्हरराइड करून, म्हणजे तीच मेथड तिथे नव्याने लिहून, ३ सेकंद वाढवले. पहिल्यांदा इन्हेरिटन्सचा काहीतरी उपयोग दिसला! बरोबर आहे ना?

मुंगी

बरोबर आहे, चालतंय ना मग बरोबर. (बुद्धिबळपटू बॉबी फिशरने त्या घड्याळाच्या पेटंटसाठी १९८८ मध्ये अर्ज केला होता, खेळणारे लोक अजून त्याच्याच नावाने ओळखतात.)

पण आता मी जरा छळते. ब्रॉनस्टीन प्रकार असतो, त्यात चालीला जेवढे सेकंद लागले तेवढेच परत मिळतात, पण ठरावीक मर्यादेपर्यंत. झाला तिसरा क्लास. आता शेवटच्या १० सेकंदांत आवाज करणारं घड्याळ हवं, आणि न करणारंही. साधं आवाजवालं, फिशर आवाजवालं, ब्रॉनस्टीन आवाजवालं. तीन दुणे सहा. मग दिवा लागणारं आणि न लागणारं. बारा. सांगा थांबवायचं कुठे?

कोरी_पाटी

छळताय खरंच. मग काय करायचं?

मुंगी

फिशर हे वेगळं घड्याळ नाहीच, घड्याळ तेच आहे, चालीनंतरचा नियम तेवढा वेगळा. तर नियमालाच ऑब्जेक्ट करा. नियम नावाचा इंटरफेस, म्हणजे कुठल्या मेथड असायलाच हव्यात एवढंच सांगणारा करार, त्यात एकच मेथड, किती_द्यायचे(लागलेले सेकंद). साधा नियम शून्य देतो. फिशर नियम काहीही विचार न करता ३ देतो. ब्रॉनस्टीन नियम लागलेले सेकंद आणि ३ यातलं जे लहान ते देतो. घड्याळ बनवताना कन्स्ट्रक्टरला सेकंदांबरोबर नियमही द्यायचा, तो प्रायव्हेट ठेवायचा, आणि चालझाली मध्ये उरलेल्यात नियम.किती_द्यायचे(लागलेले) मिळवायचे. घड्याळाला माहीतच नाही समोर फिशर आहे की ब्रॉनस्टीन, ते आपलं विचारतं आणि मिळालेला आकडा मिळवतं.

कुत्रा भुंकतो मांजर म्यांव करते म्हणून जे पाठ केलंत ना, ते हेच. इफ नियम फिशर असेल तर असं, नाहीतर तसं, ही अख्खी शिडीच गायब.

आवाजाचंही तसंच, आणखी एक छोटा इंटरफेस. बारा क्लासच्या जागी घड्याळ एक, नियम तीन, आवाज दोन, दिवे दोन.

बावळट_बल्ब

म्हणजे इन्हेरिटन्स वापरायचाच नाही का? चारातला एक खांब पडला?

जुनं_खोड

वापरायचा की, पण "हे खरंच त्याच जातीचं आहे का" हे विचारून. बार्बरा लिस्कोव्ह यांनी १९८७ च्या एका भाषणात यावर बोट ठेवलं, त्यांच्या नावाने तत्त्वच आहे, साध्या भाषेत असं की जिथे मूळ प्रकार चालतो तिथे उपप्रकार ठेवला तर काही बिघडता कामा नये. पाटीच्या फिशरघड्याळाला हीच कसोटी लाव. ज्या कोडने धरून ठेवलंय की घड्याळातला वेळ कधी वाढत नाही, तिथे ते ठेवलं तर तो कोड फसेल. चालझाली आधी काय वचन देत होती त्यावर सगळं अवलंबून.

आणि खांब-बिंब मुलाखतीपुरते. मी तरी चार खांब मोजून कधी कोड लिहिला नाही.

कोरी_पाटी

रात्री बसून नियमवालं केलं. फिशर आधी ३०० वरून ३०३ जायला लागलं, घाबरले, मग कळलं की मी टिक न करताच चालझाली बोलावत होते, म्हणजे बरोबरच होतं, शून्य सेकंदात चाल केली तर ३ वाढणारच. ब्रॉनस्टीनला तीच चाल केली तर ३०० च राहिले. दोन्ही घड्याळांना वेगवेगळे नियम देऊन पण बघितले, पांढरं फिशर आणि काळं साधं, अन्याय आहे पण चालतंय 😀

पूर्ण प्रोजेक्टमध्ये स्टॅटिक शोधलं. एकच उरलंय, मेनच्या मागे.

गोगलगाय

तेही हवं तर जाईल. सप्टेंबर २०२५ मध्ये आलेल्या जावा २५ पासून मेनला स्टॅटिक सक्तीचं नाही, नसेल तर जावा आधी त्या क्लासचा ऑब्जेक्ट बनवतो आणि मग त्याचं मेन बोलावतो. सेमीकोलनरावांचा तो मंत्र आता व्हॉइड मेन एवढाच उरलाय.

सेमीकोलन

मी गप्पच आहे. पण ते व्हॉइड पण काढा म्हणावं.